सतरा पिक्चर आणि साडेतीनची वेळ

३ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ.

आधी आली ती शिवणवाली. तोंडात टाचण्या तशाच. घाईत निघाले म्हणाली. मग एकेक टाचणी काढून माझ्या उशीला टोचत बसली आणि टाचणीगणिक एक बातमी. समोरच्या मास्तरीणबाईंनी म्हणे नवऱ्याला इस्त्री फेकून मारली. मी विचारलं, गरम होती का. ते तिला माहीत नाही. लागली कुठे? तेही माहीत नाही. अशा अर्धवट बातम्या मला आवडत नाहीत. माणसाने एखादी गोष्ट शेवटपर्यंत तरी ऐकावी.

मागून कंपाउंडर आले. रिटायर झालेत, पण अजून आल्या आल्या नाडी बघतात. ह्यांचे दोस्त, म्हणून मला वहिनी म्हणतात. झाला आमचा बुधवारचा क्लब. मी पिक्चर रेकमेंड करायचा, त्यांनी सीडी घरी न्यायची, पुढच्या बुधवारी आणून द्यायची. रेकमेंड हा शब्द कंपाउंडरांनीच शिकवला. मी चौथी पास, पण शब्द तोंडात बसला की बसला.

ह्यांनी चाळीस वर्षं थिएटरच्या दारात उभं राहून तिकिटं फाडली. थिएटर बंद झालं तेव्हा मॅनेजरने बिस्किटाच्या डब्यात सतरा सीड्या घालून दिल्या. सगळे घोडे, बंदुका आणि धूळ. वेस्टर्न म्हणतात. हे गेले, मग डबा कपाटावर पडून होता. आता उघडला तर काय, सोनं! भाषा एक अक्षर कळत नाही. पण ठोसा कळायला भाषा कशाला लागते.

ह्यांचा एक नियम होता. शेवट सांगायचा नाही. डोअरकीपरनेच शेवट सांगितला तर लोक आत कशाला जातील? मलासुद्धा कधी सांगितला नाही. क्लबात तोच नियम. शेवटाबद्दल कोणी तोंड उघडलं की मी चप्पल उचलते.

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. तर शेवट हे लोक असा करतात की बघत राहावं. आधी दीड तास मनसोक्त मारून घेतात. मग दोघं समोरासमोर. डोळे बारीक. हात कमरेशी. कपाळावरून घामाचा थेंब. आणि टप्. पडदा काळा. गोळी नाही, समाप्तची पाटी नाही, काही नाही. म्हणजे काय, तर दिलं सोडून. केवढं मोठं मन! आणि शिस्त बघा. मी जेवण आवरून बरोबर दोनला लावते, साडेतीनला संपतो. आतापर्यंत पाहिलेल्यांतला एकही मिनिटभर इकडेतिकडे नाही.

टीव्हीचं सगळं थोरल्या सुनेने लावून दिलं. रिमोटवर पाचपंचवीस बटणं दाबली आणि म्हणाली, आई, आता खुशाल डोळा लागू दे, टीव्हीची काळजी नको. मला कुठला डोळा लागतोय. पण पोर मनाने चांगली आहे.

आज काळ्या टोपीवाल्याचा रेकमेंड केला. पहिल्या पाच मिनिटांत चार मुडदे. एकाला घोड्यामागे बांधून काट्यांतून फरफटवतात, त्याच्या पाठीची चाळण होते. एकाचं तोंड बारमधल्या आरशात घालतात. टोपीवाला स्वतः मात्र देवमाणूस. शिवणवालीने विचारलं, सासूबाईंचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांना चालेल का. म्हटलं, बेलाशक दाखव. मधे जरा रक्त आहे, पण बघून झोप शांत लागते.

४ फेब्रुवारी, गुरुवार.

सकाळपासून खाली वर्कशॉपात जुंपली आहे. माझी दोन्ही मुलं खिडक्यांचे गज आणि गेटं बनवतात. थोरला वर माझ्याबरोबर राहतो, धाकटा वर्कशॉपच्या मागच्या खोल्यांत. दोन वर्षं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. सगळं माझ्यामार्फत. आई, ह्याला सांग, ग्राइंडर जागेवर ठेव. आई, त्याला सांग, जागा काय त्याच्या बापाची नाही. मी जिन्यातून सांगितलं, अरे बाप तुमचा एकच होता. कोणी ऐकलं नाही.

कारण काय, तर एक गेट. चार बोटं आखूड झालं. थोरला म्हणतो, माप मी बरोबर घेतलं, हा कापताना चुकला. धाकटा म्हणतो, मी बरोबर कापलं, ह्याने माप चुकीचं लिहिलं. गिऱ्हाईक गेट परत पाठवून मोकळं झालं. ते गेट तेव्हापासून भिंतीला टेकून उभं आहे. गंजलं. रंग लावायचा तर कोणी लावायचा?

आज गवंडी आला. वर्कशॉपच्या मधोमध खडूची रेघ मारून गेला. पंधरा तारखेला, सोमवारी, भिंत. इकडे थोरला, तिकडे धाकटा. आणि माझा जिना उतरतो बरोबर त्या रेघेवर! मी खाली येऊन पाय कुठे ठेवायचा, हे दोघांतल्या एकाने विचारलं नाही.

निश्चय: भिंत होऊ द्यायची नाही. कशी, ते उद्या ठरवते.

५ फेब्रुवारी.

ठरलं नाही. पाय दुखत होते.

७ फेब्रुवारी, रविवार. दुपारी पावणेचार.

सापडलं! घाईत लिहितेय, अक्षर कसं येतंय देव जाणे.

सतरावी सीडी. डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेली, आज पहिल्यांदा लावली. कागदावर ह्यांच्या अक्षरात लिहिलंय: हा घरी लावू नये. काटकसरी माणूस. झिजेल म्हणून जपून ठेवली असणार.

दोन भाऊ. एक मळा म्हणावं एवढं मोठं रान, एक झरा. मधे काटेरी तार. एक भाऊ तार तोडतो, दुसरा त्याचे घोडे हाकलून लावतो. हा त्याच्या नोकराचे दात पाडतो, तो ह्याचा गोठा पेटवतो. मग दोघं चिखलात असे काही लोळतात, असे काही हाणतात की मी खुर्चीत पाय वर घेतले. एकजण दुसऱ्याचा कान चावतो. तुकडा थुंकतो! आणि त्यांची आई. पांढरे केस, खांद्यावर शाल, डिट्टो मी. फक्त तिच्या हातात बंदूक.

शेवटी अंगणात दोघं समोरासमोर. वारा. आई दारात. हात कमरेशी गेले. मी म्हटलं, संपलं, आता एकजण जाणार. तेवढ्यात थोरल्याचं बोट थरथरलं, डोळ्यात पाणी आलं, आणि टप्. काळा. घड्याळात बरोबर साडेतीन.

सोडलं! भावाला सोडलं! मी पदराने डोळे पुसले.

हा पिक्चर माझ्या दोघांना दाखवायचा. शेजारी शेजारी बसवून. पुढच्या रविवारी. सोमवारी भिंत कोणी मागणार नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार.

कंपाउंडर आज आधी आले, उतरलेल्या चेहऱ्याने. वहिनी, म्हणाले, तो काळ्या टोपीवाला शेवटी त्या मास्तरला... मी चप्पल उचलली.  मग म्हणाले, मी दोन दिवस नीट जेवलो नाही. म्हटलं, चांगला पिक्चर आतून हलवतो. त्यांनी माझी नाडी बघितली. बराच वेळ बघितली.

शिवणवालीच्या सासूबाईंचा एक टाका उसवला. दचकून म्हणे. भावना दाटून आल्या असतील. शिवणवाली माझ्याकडे टक लावून बघत होती. आजी, तुम्हाला हे बघून खरंच शांत झोप लागते? म्हटलं, तान्ह्या बाळासारखी. ती खुर्ची हळूच मागे सरकवून बसली.

दोघांना दोन भावांचा रेकमेंड केला. रविवारी खाली या, सगळे मिळून बघू, म्हटलं. दोघांनाही रविवारी नेमकं काम निघालं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी बारा.

खाली मोठी मारामारी झाली. फार चांगली.

ग्राइंडर रेघेच्या पलीकडे सापडला, एवढ्यावरून सुरू. धाकट्याने पाना फेकला, तो खिडकीच्या काचेतून थेट रस्त्यावर. थोरल्याने त्याची कॉलर धरून त्याला त्या आखूड गेटावर आपटलं, अख्खं वर्कशॉप घंटेसारखं वाजलं. धाकट्याने डोकं हाणलं. थोरल्याच्या नाकातून रक्ताची धार, नव्या शर्टावर. तरी मधूनमधून दोघं मान वर करून ओरडत होतेच: आई, ह्याला सांग, माझा गळा सोड! आई, त्याला सांग, आधी त्याने पाय काढावा!

थोरली सून सोडवायला धावली. मी तिचा दंड धरला. म्हटलं, थांब गं. मारून घेऊ दे मनसोक्त. हे झाल्याशिवाय पुढचं होत नाही. सतरा पिक्चर पाहिलेत मी. ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी तिच्या नवऱ्याच्या जिवावर उठले आहे.

मी स्टूल आणून जिन्यात बसले. धाकट्याची उजवी जरा कच्ची आहे. लहानपणापासून.

१३ फेब्रुवारी.

धाकट्याला रविवारचं विचारलं. म्हणाला, तो येणार असेल तर नाही. थोरल्याला विचारलं. म्हणाला, तो येणार असेल तर नाही. मी दोघांना सांगितलं, तो येणार नाहीये.

१४ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

टीव्हीवरून अडलं होतं. माझा खाली आणायचा तर थोरली सून नाही म्हणाली, टीव्ही फुटेल. मग धाकट्याचाच वर्कशॉपात आणला. ठेवायचा कुठे, तर बरोबर खडूच्या रेघेवर, पत्र्याच्या पेटीवर. माझी खुर्ची रेघेवर. इकडे एक स्टूल, तिकडे एक. पाने, हातोडे आधीच उचलून पोत्यात घातले. मला अनुभव आहे.

साडेतीनला पिक्चर संपेल. तीन पस्तीसला मिठी. पावणेचारला चहा. सहा कप काढून ठेवलेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात. थोरली सून कापूस आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते.

दोघं आले. एकमेकांना बघून उठले. मी म्हटलं, जो उठेल त्याने मला आई म्हणू नये. बसले. गवंडी विटांची जागा बघायला आला होता, तोही घमेलं पालथं घालून मागे बसला.

छान चाललं होतं. गोठा पेटला. कान तुटला. गवंड्याने शीळ घातली. अंगणातला सीन आला. मी घड्याळ बघितलं, साडेतीनला दोन मिनिटं. उठले, पदर सारखा केला आणि दोघांच्या मधे उभी राहून म्हणाले, बाळांनो, बघा. आता काळं होईल.

काळं झालं नाही.

मी वाट बघितली. साडेतीन वाजले. पडद्यावरच्या थोरल्याचं बोट थरथरलं, डोळ्यात पाणी आलं, इथपर्यंत सगळं बरोबर. आणि मग धाड! धाकट्याच्या पोटातून रक्त. त्याने पडता पडता धाड! थोरल्याचा गळा. नोकर धावले, धाड धाड. दारातली आई, शाल पांघरलेली, डिट्टो मी, तिने बंदूक उचलली आणि पहिली गोळी तिलाच लागली. कोणाची ते कळलं नाही, सगळेच मारत होते. घोडासुद्धा गेला. शेवटी झऱ्याचं पाणी लाल, आणि मग आली समाप्तची पाटी. चांगली मोठी.

 चहा उकळून गेल्याचा वास आला.

मग माझा थोरला म्हणाला, बंदूक आधी पिक्चरमधल्या धाकट्याने काढली. धाकटा म्हणाला, डोळे आहेत का? थोरल्याने काढली. गवंडी म्हणाला, मागे घेऊन बघू की. रिमोट त्याच्याकडेच होता. मागे घेतलं. धाड. परत मागे. धाड. अकरा वेळा त्या आईला मी मरताना बघितलं. दर वेळी थोरल्याला धाकटा आधी दिसायचा आणि धाकट्याला थोरला.

बाराव्या वेळी जुंपली. स्टूल हवेत गेलं, धाकट्याच्या कपाळावर फुटलं. धाकट्याने थोरल्याचा हात असा पिळला की कड् असा आवाज आला, पिक्चरमधल्यापेक्षा स्वच्छ. मधे पडलेल्या गवंड्याच्या गुडघ्यावर टीव्ही पडला. टीव्ही फुटला. सीडी प्लेअरही, सीडी आतच.

पण एक सांगायचं राहतंय. स्टूल उचलताना थोरला ओरडला, गाढवा, बघ नीट! गाढवा म्हणाला. थेट. आई, ह्याला सांग नाही, काही नाही. आणि धाकटा म्हणाला, तूच गाढव, दादा! दादा म्हणाला. दोन वर्षांनी. दोघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

१५ फेब्रुवारी, सोमवार.

गवंडी आला नाही. गुडघा सुजलाय. भिंत आजची टळली! मी म्हटलंच होतं.

थोरल्याचं मनगट गळ्यात. धाकट्याच्या कपाळाला पाच टाके. कंपाउंडरांनी दोघांना एका बाकावर बसवून ड्रेसिंग केलं. वेगळा बाक नव्हता.

थोरल्या सुनेला विचारलं, खालच्या टीव्हीवर पिक्चर लांब का होतो गं? तिने भांडं खाली ठेवलं. म्हणाली, म्हणजे? मी सगळं सांगितलं. ती हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. म्हणाली, अहो आई, टायमर लावलाय मी! तुम्हाला झोप लागते ना, म्हणून दुपारी दोनला लावला की दीड तासाने आपोआप बंद होतो.

म्हटलं, म्हणजे ते लोक बंद करत नाहीत?

नाही हो आई. मी करते.

दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार.

टायमर काढून घेतला. काल संध्याकाळपासून उरलेल्या सोळांचे शेवट बघते आहे. फक्त शेवटचा अर्धा अर्धा तास. मुडदे बोटांवर मोजायला घेतले, मग उडदाचे दाणे घेतले. एकशे बारा. घोडे वेगळे. कोणी कोणाला सोडत नाही. एकानेही नाही. काळ्या टोपीवाला, ज्याला मी देवमाणूस म्हणाले, तो शाळेच्या पायरीवर मास्तरला पाठीत गोळी घालतो आणि त्याच्याच फडक्याने बूट पुसतो.

आणि हा मी ऑपरेशन झालेल्या बाईला रेकमेंड केला.

हे घरी यायचे, गप्प जेवायचे. मी विचारायची, कसा होता आजचा? चांगला होता, म्हणायचे, शेवट सांगत नाही. मला वाटायचं, धंद्याचा नियम. चाळीस वर्षं ते शेवट हा माणूस एकटाच घरी घेऊन आला आणि आमच्या ताटाशेजारी बसला.

डबा कपाटावर परत ठेवला. निश्चय: वेस्टर्न बंद.

१७ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ.

शिवणवाली आधी आली. मी तिला खरं काय ते सांगितलं. तिने एवढा मोठा सुस्कारा सोडला की तोंडातली टाचणी उडाली. म्हणाली, आजी, आम्हाला वाटत होतं, तुम्ही हे सगळं बघता आणि तुम्हाला गोड लागतं! सासूबाई तर तुम्हाला घरात घेऊ नको म्हणत होत्या. कंपाउंडर आले, त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, तरीच नाडी चांगली लागत होती. पुढच्या बुधवारी रेकमेंड करायची पाळी शिवणवालीची. तिच्याकडे एका सशाचा पिक्चर आहे. ससा मरत नाही, तिने शेवट आधीच सांगून टाकला. मी चप्पल उचलली नाही.

एवढ्यात खालून गवंड्याने हाक मारली. लंगडतच आला होता. भिंत होणार म्हणजे होणार, दोघांनीही त्याला तेच सांगितलं होतं. मी पिक्चरचं काही काढलं नाही. फक्त विचारलं, बाबा, जिना रेघेवर उतरतो, मी कुठून जायचं? गवंडी डोकं खाजवत उभा राहिला. म्हणाला, मावशी, भिंतीत वाट सोडायला पाहिजे. वाट सोडली तर गेट पाहिजे. आणि इकडे तिकडे बघता बघता त्याची नजर गेली त्या गंजक्या गेटावर. हे काय, आहे की! मी म्हटलं, ते चार बोटं आखूड आहे. तो म्हणाला, असू दे आखूड, भिंत माझ्या हातात आहे, गेटाच्या मापाने वाट ठेवतो. माप तेवढं सांगा.

थोरल्याचा एक हात गळ्यात. एका हाताने टेप धरता येईना. त्याने टेपचं टोक धाकट्यापुढे केलं, तोंड दुसरीकडे. धाकट्याने धरलं.

पंचेचाळीस, थोरला म्हणाला.

सव्वा पंचेचाळीस, धाकटा म्हणाला.

आंधळ्या, टोक सरकलंय तुझं! सरकलं नाही दादा, तू वाकडा बघतोयस! परत धर! तू परत बघ!

हे असं तासभर चाललं. सात वेळा मोजलं. थेट बोलतायत, थेट शिव्या देतायत, माझं नाव कोणी घेत नाही. मी जिन्यात स्टुलावर बसले होते. मारामारी झाली नाही. थोरल्याचा हात गळ्यात होता, धाकट्याचे टाके ओले. नाहीतर झाली असती.

गवंडी कंटाळला. म्हणाला, मावशी, ह्यांचं माप एक झालं की निरोप द्या. मी म्हटलं, देते की. माझ्या मनात काय आहे ते गवंड्याला कशाला सांगा. माप एक व्हायला ह्यांना वर्ष लागेल, तोवर कसली भिंत. शिवाय गवंडी लोक सांगितल्या दिवशी कधी येत नाहीत.

विटा मात्र त्याने आजच उतरवून ठेवल्या, रेघेच्या दोन्ही बाजूंना. जाता जाता थोरल्याकडून पंचेचाळीस आणि धाकट्याकडून सव्वा पंचेचाळीस, दोन्ही मापं स्वतःच्या सिगरेटच्या पाकिटावर लिहून घेतली.

शनिवारी येतो म्हणाला. सकाळी नऊला.